पालथा हात

त्या वर्षी पाणी इतकं आटलं की गावाला आपापल्या भांड्यांची भोकं आठवली. बऱ्या वर्षी बादली गळली तर माणूस एक खेप जास्त घालतो आणि विसरून जातो. पण विहिरीवर रांग लागली आणि मिळेल तेवढंच घरी न्यायचं झालं, की वाटेवर पडलेला थेंबही डोळ्यात खुपायला लागतो. शेतावर कुणाला काम नव्हतं. पण गावाच्या टोकाला भांड्यांना डाग देणारं एक घर होतं, तिथली शेगडी सकाळपासून विझत नव्हती.

त्या घरात म्हातारा डाग द्यायचा, मुलगा पत्रा कापायचा आणि शेवटचा शब्द म्हातारीचा असायचा. गाव तिला डागवाली म्हणे, डाग द्यायची तापलेली कांडी तिनं जन्मात हातात धरली नव्हती तरी. तिचं काम भांडं भरून बघायचं. म्हाताऱ्यानं भोकाची कड घासून, नवसागर लावून, कथील वितळवून बसवलं की भांडं तिच्यापुढं यायचं. ती ते ओट्यावरच्या दगडावर ठेवून काठोकाठ भरायची, समोर बैठक मारायची आणि भांडं आणणाऱ्याच्या घरची चौकशी करायची. चौकशी संपेपर्यंत जे गळलं नाही ते पक्कं, असं तिचं माप होतं. आणि चौकशी अशी असायची की भांडं टिकलं तरी माणूस गळायचा. मग ती डावा हात पालथा करून बुडाखाली घालायची. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला काही कळत नाही. हाताच्या पाठीला ओल लगेच लागते. पाठ कोरडी निघाली तर म्हणायची, "घेऊन जा." ओली निघाली तर काहीच न बोलता म्हाताऱ्याकडे बघायची. त्या बघण्याला म्हातारा सगळा संसारभर घाबरत आला होता.

यंदा तपासायचं पाणीही जपून वापरावं लागे. एकच बादलीभर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात, संध्याकाळपर्यंत राखेच्या रंगाचं होऊन जाई. गाव यायचं, भांडं द्यायचं, चौकशी सोसायचं आणि जायचं. पण हल्ली माणसं वाऱ्याची दिशा बघून उभी राहायला लागली होती, आणि ते डागवालीच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही.

वास घरामागून यायचा. मागं भंगाराचा ढीग होता, ढिगाशेजारी अवजारं विझवायची दगडी डोणी, आणि डोणीच्या कडेला पालथ्या डब्यावर सून बसलेली असायची. पूर्वी ती पुढं सतरंजीवर बसून शेगडीचा भाता चालवायची. पहिल्या बाळंतपणात तिचं बाळ गेलं आणि तेव्हापासून तिची लघवी थांबेना. बसली, उठली, झोपली तरी थेंब चालूच. मग ती आपणहून मागं गेली. कुणी जा म्हटलं नाही. तसं कुणी थांबही म्हटलं नाही. डोणीपाशी जमीन कायम भिजलेली. ओल्यात ओल दिसत नाही, एवढा हिशेब करून तिनं ती जागा निवडली होती. मांडीखाली चिंध्यांच्या घड्या घालून ती चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायची आणि दिवसभरात घोटभर पाणी प्यायची. कमी प्यालं तर कमी गळेल. डागवालीलाही हे पटलं होतं. रिकामं भांडं गळताना तिनं तरी कधी पाहिलं नव्हतं. पण गळणं थांबलं नाही. लघवी तेवढी दाट झाली, वास उग्र झाला आणि मांड्यांची कातडी सोलून निघाली.

नवरा शेगडीवर लक्ष ठेवायच्या निमित्तानं पुढंच झोपायचा. वाईट नव्हता तो. विहिरीवरून आणलेल्या पाण्यातली एक कळशी तिच्या चिंध्या धुवायला मागं ठेवून जायचा. फक्त ठेवताना तिच्याकडे बघायचा नाही.

बाळंतपणाचा विषय त्या घरात कुणी काढत नसे. कळा सुरू झाल्या तेव्हा मालाचा टेम्पो चालवणाऱ्या शेजाऱ्यानं आपणहून विचारलं होतं, गाडी काढू का. डागवाली म्हणाली होती, बघू. तिची स्वतःची सगळी बाळंतपणं याच घरात, बाहेर भाता चालू असताना उरकली होती. शिवाय पोरगी ओरडत नव्हती. ओरडत नाही म्हणजे चाललंय बरं, असं तिनं धरलं. दुसऱ्या दिवशीही ती बघूच म्हणाली. तिसऱ्या दिवशी पोरगी कण्हायचीही थांबली, तेव्हा गाडी निघाली.

एक दिवस आरोग्य केंद्रातली बाई बादली घेऊन आली. गावात तिचं नाव सुईवाली. पोरं तिला बघून पळायची, त्यामुळे तिला कुणाच्या तोंडाकडे बघून थांबायची सवय राहिली नव्हती. डागवालीनं बादली भरली आणि चौकशीला तोंड उघडलं, तेवढ्यात सुईवालीनंच विचारलं, "मागं कोण बसलंय?"

"सून."

"कधीपासून?"

प्रश्न विचारायचे ते आपण, ही त्या ओट्याची रीत. ती मोडलेली डागवालीला आवडली नाही. सुईवाली न विचारता मागं गेली. पत्रा ठोकल्याचा आवाज थांबला आणि बराच वेळ थांबलेलाच राहिला. परत आली तेव्हा तिनं सगळं उघड्यावर, म्हाताऱ्यासमोर, पोरासमोर सांगितलं. बाळाचं डोकं वाटेत अडकून राहिलं, दोन दिवस तिथलं मांस दाबलं गेलं, मेलं आणि गळून पडलं. लघवीच्या पिशवीला भोक पडलंय. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ते शिवतात, पैसे घेत नाहीत. म्हातारा कांडीकडे बघत राहिला, पोरगा पायाकडे.

"माणसाला डाग बसतो?" डागवालीनं विचारलं. चेष्टा करायची होती तिला, पण आवाज तसा लागला नाही.

"बसतो. तेव्हाच आला असतात तर नुसती नळी घालून कदाचित आपोआप भरलं असतं. लहान भोकं भरतात."

मग म्हातारा बोलला, आणि तो बोलला म्हणून पोरानं दचकून वर पाहिलं. म्हातारा म्हणाला, "गावाची बादली गळली तर गाव आपल्याकडं येतं. आपल्याच घरात गळती लागली, तर आपण कुणाकडं जायचं ते माहीत नव्हतं. आता कळलं."

"मी कुठं नको म्हटलंय," डागवाली म्हणाली. खरंच होतं ते. अजून म्हटलं नव्हतं.

सुनेबरोबर जायचं कुणी, तर तिनंच. पोरगा तयार होता, पण बायकांच्या वॉर्डात पुरुषाला बसू देत नाहीत. बसमध्ये जागा होती तरी सून दांडा धरून उभी राहिली. सीट ओली करून उठायचं आणि मागं वळून बघायचं नाही, हे तिला जमणारं नव्हतं. थोड्या वेळानं पुढची बाई नाकाला रुमाल लावून इकडंतिकडं बघायला लागली. डागवालीनं मांडीवरची पिशवी उचलून दाखवली आणि म्हणाली, नवसागर आहे, आमच्या धंद्याचा, उग्रच असतो. पिशवीत दोघींचे कपडे होते. बाई दुसरीकडे जाऊन बसली. सुनेनं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पण तिचा हात दांड्यावरून सरकत सासूच्या खांद्यावर आला आणि उतरेपर्यंत तिथंच राहिला.

वॉर्डची सिस्टर पाण्याच्या पिंपासारखी होती, तशीच भरलेली आणि तशीच जागची न हलणारी. तिनं सुनेचे ओठ पाहिले आणि पहिलं काम म्हणजे तांब्या पुढं केला. प्यायचं, दिवसभर प्यायचं, इथं गळण्याची लाज नाही. पाणी तोडलं की लघवी आंबते, कातडी खाते, वास सुटतो. डागवालीला हे उलटंच वाटलं, पण सून घटाघटा प्यायली. किती दिवसांची तहान होती कोण जाणे. तिसऱ्या तांब्याला सिस्टरच म्हणाली, जरा दम घे.

वॉर्डात सगळ्याच गळणाऱ्या. डागवालीला आधी तेच खटकलं, की कुणी लपवतच नाही. शेजारच्या खाटेवर एक भाजीवाली होती. पोरवयात बाळंत झाली तेव्हापासून गळत होती आणि आता तिचे केस पांढरे झाले होते. तिला वाटे जगात आपल्या एकटीलाच हे आहे. खाटेखाली टपकलेलं पाणी पुसत ती सुनेला म्हणाली, "तुमच्या गावात दुष्काळ आहे म्हणे. इथं बघ, आपल्या वॉर्डात पिकं निघतील."

सून हसली. हसताना आणखी गळलं, त्यावर दोघी पुन्हा हसल्या. डागवालीनं तोंड फिरवलं. सुनेचं हसणं कसं असतं ते तिला आठवेना, आणि ते बरं लक्षण नव्हतं.

ऑपरेशन झालं. सून खाटेवर आली तेव्हा एक बारीक नळी तिच्यातून निघून खाली टांगलेल्या पिशवीत गेली होती. सिस्टरनं डागवालीला उभं करून नीट समजावलं. शिवण भरायला वेळ लागतो. तोवर लघवीची पिशवी रिकामी राहिली पाहिजे, म्हणून ही नळी. ती वाकता कामा नये, दबता कामा नये, रात्रंदिवस वाहती पाहिजे. डागवालीनं मान हलवली. समजावून सांगणाऱ्यापुढं मान हलवायची हे तिला येत होतं, गाव तिच्यापुढं तेच करायचं.

ती रोज सुनेच्या चादरीखाली पालथा हात घालायची. कोरडं. सकाळी कोरडं, दुपारी कोरडं. भाजीवालीचंही ऑपरेशन झालं, तिचंही कोरडं. सगळा वॉर्ड आनंदात. डागवालीच्या मनात मात्र किडा वळवळायला लागला. पाणी येतं आणि नळीनं निघून जातं. भांडं भरतच नाही. बुडाला भोक असलेल्या बादलीला वर नळी लावून सगळं पाणी काढून घेतलं, तर ती बादलीही कोरडीच दिसेल. याला काय पक्कं म्हणायचं? ही लोकं भरून न बघताच म्हणतील, घेऊन जा. घरी गेल्यावर फुटलं म्हणजे? म्हातारा विचारेल, तू बघितलंस ना.

जेवणं झालेली, उन्हानं वॉर्ड पेंगत होता, सिस्टर दुसऱ्या टोकाला गेली होती. डागवालीनं नळी हातात घेतली, दुमडली आणि मुठीत घट्ट धरली. दुसरा हात पालथा करून चादरीखाली घातला आणि बसली, जशी ओट्यावर बसायची.

सुनेनं डोळे उघडले. सासूची मूठ पाहिली, मग तोंड पाहिलं. थोड्या वेळानं तिच्या कपाळावर घाम आला, ओटीपोट टरारलं, टाचा गादीत रुतल्या. तरी ती बोलली नाही. न बोलायची तिला सवय होती.

"सोस जरा," डागवाली म्हणाली. "बघू."

तो शब्द ऐकला आणि सुनेची मान उशीवरून उठली. "नाही," ती म्हणाली. "नळी सोडा."

डागवालीला तिच्याकडून हा शब्द कधी ऐकायला मिळाला नव्हता, म्हणून आधी तो समजलाच नाही. मूठ तशीच राहिली.

"सिस्टर!"

सगळा वॉर्ड उठून बसला. पिंपासारखी बाई एवढी पळू शकते हे कुणाला माहीत नव्हतं. तिनं डागवालीची बोटं एकेक करून उकलली. नळीतून लघवी सळसळत पिशवीत पडली आणि तिला लालसर झाक होती. सिस्टरनं चादर काढली, घडी बदलली, नाडी पाहिली आणि मग वळली. डागवालीनं खरं ते सांगितलं, भरून बघत होते. आम्ही डाग असाच तपासतो.

"हे काय कथील आहे, फुंकर मारली की घट्ट व्हायला?" सिस्टर म्हणाली. "ओली शिवण आहे ती. फाटली असेल तर नळी काढायच्या दिवशी कळेल. तोवर मला विचारू नका, आणि हात लावू नका."

त्यानंतर डागवाली वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसायला लागली. जेवण समोर ठेवलं तर निवून जायचं. पाण्याचा तांब्या भरून आणायची, सुनेच्या हातात द्यायची, पुन्हा पायरीवर. चादरीखाली हात घालायची छाती तिला होत नव्हती. कधी नव्हे ते तिला कुणाची चौकशी सुचेना. पायरीवरून जाणाऱ्या बाया उलट तिचीच करायला लागल्या आणि गळणं म्हणजे काय असतं ते तिला कळलं.

एका सकाळी तांब्या देताना तिनं विचारलं, "तेव्हा का नाही ओरडलीस? कळांच्या वेळी?"

सून पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जड गेलं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

डागवालीनं तांब्या उचलला. तो जवळजवळ भरलेलाच होता, तरी भरायला गेली.

नळी काढायचा दिवस आला. डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, चष्मा नाकावर घसरलेल्या, बोलायच्या कमी. खाटेभोवती पडदा ओढला. डागवाली पडद्याबाहेर उभी राहिली, आत भांड्यांचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज. तिला राहवेना. काय चाललंय, तिनं पडद्यालाच विचारलं.

"निळं पाणी घालतोय," आतून सिस्टर म्हणाली. "पिशवी भरून बघतोय. खाली पांढरा कपडा ठेवलाय, निळा झाला तर गळलं. तुमचीच रीत आहे, आजी. तुम्ही तेवढी घाई केलीत."

डागवालीनं पडद्याची कड धरली. पलीकडच्या खाटेवर भाजीवाली डोळे मिटून बसली होती. एवढ्या वेळात ओट्यावर तिनं एखाद्याच्या सात पिढ्या विचारून घेतल्या असत्या.

"कोरडं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

सिस्टरनं पडदा सारला आणि पांढऱ्या कपड्याची घडी डागवालीपुढं धरली. पांढरीच होती. तरी सिस्टर म्हणाली, लावा हात. डागवालीनं पालथा हात त्या घडीवर ठेवला आणि ठेवूनच दिला. हात कोरडा होता, मग डोळ्यांना लावला तेव्हा ओला झाला, आणि त्यावर भाजीवाली म्हणाली, आता ही गळायला लागली.

दुपारी सून म्हणाली, मला जायचंय. कुठं, असं डागवाली विचारणार होती, मग तिला समजलं. किती दिवसांनी या पोरीला जायचं होतं. दोघी हळूहळू गेल्या. सुनेनं दार लावून घेतलं. डागवाली दाराला कान लावून उभी. आधी काही नाही. मग धार. आणि मग ती धार थांबली.

थांबली.

घरी सोडताना सिस्टरनं डागवालीला पुन्हा समोर उभं केलं. तीन महिने जड उचलायचं नाही. तीन महिने नवरा पुढंच झोपेल. पाणी भरपूर. आणि पुन्हा दिवस राहिले तर आधीच इथं यायचं, पोट उघडून बाळ काढू. घरी कळा द्यायच्या नाहीत. डागवालीनं मान हलवली नाही. एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. सिस्टर म्हणाली, पक्कं.

बसमध्ये सून बसली. खिडकीपाशी, पाठ टेकून. कुणी नाकाला रुमाल लावला नाही, तरी डागवालीनं सवयीनं पिशवी दोनदा मांडीवर घेतली.

घरी म्हाताऱ्यानं भाता पुसून ठेवला होता. पोरानं डोणीपाशी पडलेला पालथा डबा कापून त्याचा पत्रा केला होता. तो सुनेकडे बघत होता, आणि आपण बघतोय हे कळल्यावरही बघायचं थांबला नाही. पुढं जुनी सतरंजी अंथरलेली होती. सून तिच्याभोवती एकदा फिरली, पायानं कड सरळ केली आणि मग बसली.

पाऊस अजून लांब होता. भांडी येत राहिली. माणसं वारा न बघता उभी राहायला लागली आणि डागवालीची चौकशी पुन्हा सुरू झाली, फक्त आता ती मध्येच थांबून उत्तर ऐकायची. गावानं याचं श्रेय म्हाताऱ्याला दिलं.

असाच एक दिवस टेम्पोवाला शेजारी पिंप घेऊन आला. पिंप भरून ठेवलं, डागवाली समोर बसली. त्यानं आपणहूनच सांगितलं, लेक बाळंतपणाला आलीय, पहाटेपासून कळा आहेत, पण तशी शांत आहे. पोरगी ओरडत नाही. तेव्हा आज रात्रभर—

"बघू नका," भाता थांबवून सून म्हणाली. "गाडी काढा."

गाडीवाल्यानं डागवालीकडे पाहिलं. त्या ओट्यावर शेवटचा शब्द कुणाचा ते त्याला माहीत होतं.

"माझ्याकडं काय बघतोस," डागवाली म्हणाली. "सांगितलं ना तिनं. मी येते सोबत."

"तुम्ही राहू द्या," सून म्हणाली. "मी जाते. तिला मीच सांगेन, ओरड म्हणून."

गाडीवाला पिंप तिथंच टाकून पळाला. सून उठली, पायात चपला सरकवल्या. आणि डागवालीचा डावा हात, कुणी न सांगता, पालथा होऊन सतरंजीवर फिरला. जिथं सून बसली होती तिथं, मध्यभागी, कडेला.

सून दारातून बघत होती. डागवालीचा हात जागच्या जागी राहिला. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिला असं पकडलं होतं.

"झाली तपासून?" सून म्हणाली. तिच्या गालात हसू होतं. "गाडीत तिला खाली अंथरायला काहीतरी हवं. ही घेऊ का?"

डागवालीनं सतरंजीची धूळ झटकली, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "घेऊन जा."